शिरढोणचा वासुदेव आणि निष्काम सेवेचा हिशेब

वारकरी सज्जनहो, परमार्थाच्या वाटेवरचा एक प्रश्न फार जुना आहे, आणि तरी तो दर वारीला नवा होऊन पुढे उभा राहतो. मुक्कामाच्या गावी कोणी दिंडीला पिठलंभाकरी वाढतो, कोणी थकल्या वारकऱ्याचे पाय चेपतो, कोणी स्वतः ओसरीवर निजून घरातली जागा परक्या माणसाला देतो. हे पाहून बाजूला उभा असलेला एखादा चिकित्सक हळूच बोलून जातो, की अहो, हे सगळे ज्याच्या त्याच्या मतलबाचेच आहे. कोणाला पुण्य हवे, कोणाला गावात नाव हवे, आणि ज्याला यातले काहीच नको त्याला निदान मनाचे समाधान हवे. तेव्हा बिनमतलबाचे असे या जगात काही नाही.

हे बोलणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. त्यात थोडे खरे आहे, म्हणून तर ते टोचते. संतांची उदाहरणे द्यावीत तर चिकित्सक म्हणतो, त्या फार जुन्या गोष्टी, त्यांच्या मनात काय होते कोणी पाहिले? म्हणून आज आपण असा एक माणूस घेऊ, जो संत नव्हता, ज्याचा काळ आपल्याला कागदोपत्री ठाऊक आहे, आणि ज्याने आपल्या मनात काय चालले होते ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. तो माणूस म्हणजे पनवेल तालुक्यातील शिरढोणचा पुत्र, आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके.

कोकणातून आळंदीला पायी निघालेली दिंडी पनवेलवरून पुढे घाटाला लागते. पनवेलच्या दक्षिणेला, गोव्याच्या रस्त्याने, पळस्पे मागे टाकले की शिरढोण येते. तिथून कर्नाळ्याचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका आहे, तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. वासुदेवरावांचे आजोबा अनंतराव हे या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच धामधुमीत हा किल्लाही इंग्रजांकडे गेला. घरात किल्लेदारी उरली नाही, पण तिची आठवण उरली. अशा घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी बळवंतराव आणि सरस्वतीबाई यांच्या पोटी वासुदेवाचा जन्म झाला.

मुलगा अंगापिंडाने दणकट, स्वभावाने हट्टी आणि देवभोळा. शिक्षण काही कल्याणला, काही मुंबई-पुण्याला झाले. इंग्रजी लिहितावाचता येऊ लागल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे नोकरी धरली आणि थोड्याच वर्षांत ते पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. जमा आणि खर्च, येणे आणि देणे, बेरीज आणि वजाबाकी, हे त्यांचे रोजचे काम. पुण्यात घर, वेळेवर पगार, दत्तमहाराजांची भक्ती, तालमीचा नाद. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि शस्त्रविद्या शिकले असे सांगतात. एका चाकरमान्या गृहस्थाला हवे ते सर्व त्यांच्यापाशी होते.

आणि मग गावाहून आई अत्यवस्थ असल्याची खबर आली.

ही गोष्ट साधारण १८७० च्या सुमाराची. वासुदेवरावांनी रजा मागितली. साहेबाने ती वेळेवर दिली नाही. शेवटी ते रजेवाचून निघाले आणि घाट उतरून शिरढोणला पोचले, तोवर सरस्वतीबाईंचे प्राण गेले होते. पुढल्या साली वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही. सज्जनहो, आपण पुंडलिकाच्या पंथातली माणसे. पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर उभे केले, पण आईबापांच्या पायावरचा हात काढला नाही. इथे एका लेकाला कचेरीने मेजापाशी अडकवून ठेवले आणि आईच्या तोंडात गंगाजळ घालणेसुद्धा त्याच्या नशिबी आले नाही. हे दुःख काय असेल ते वारकऱ्याला समजावून सांगायला नको.

चिकित्सक इथेच आपले बोट ठेवतो. तो म्हणतो, बघा, मुळाशी घरचाच राग होता. आईपायी मनात सूड पेटला आणि त्यालाच पुढे देशकार्य असे नाव मिळाले.

आपण हे म्हणणे थोडा वेळ खरे धरू. सुडाने पेटलेला माणूस काय करतो? ज्याने रजा नाकारली त्या साहेबाला गाठतो, नाहीतर मनातल्या मनात जळत राहतो. वासुदेवरावांनी आपल्या खात्यातल्या वागणुकीविरुद्ध वरपर्यंत तक्रार केली, हे खरे. पण त्यानंतरची आठनऊ वर्षे ते काय करीत होते ते पाहा. नोकरी चालूच होती. न्यायमूर्ती रानडे यांची व्याख्याने ऐकून आपल्या देशाचा पैसा कसा बाहेर वाहून जातो हे त्यांना उमगले. त्यांनी स्वदेशी वस्तूंचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या सोबतीने त्यांनी पुण्यात मुलांच्या शिक्षणाच्या कामाला हात घातला. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही ती शाळा, तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली आणि ती आजही पुण्यात उभी आहे. आईच्या सुडासाठी कोणी परक्यांच्या मुलांकरिता शाळा काढीत नाही. दुःख घरातच सुरू झाले होते, पण ते घरात थांबले नाही, एवढे इथे दिसते.

मग १८७६ चा दुष्काळ आला. पाऊस फिरकलाच नाही. पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर या मुलखांत शेते करपली, विहिरी आटल्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने विकली गेली. दक्षिण हिंदुस्थानात १८७६ ते १८७८ या काळात या दुष्काळाने आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या रोगराईने ५० लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. आणि याच हंगामात, १ जानेवारी १८७७ रोजी, लॉर्ड लिटन यांनी दिल्लीला मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. दुष्काळी कामावर राबणाऱ्या गड्याला रोजी एक रतल धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर भागवावे, असा रिचर्ड टेंपल यांचा ठराव होता. एक रतल म्हणजे अर्ध्या किलोहूनही थोडे कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे तेवढ्यात काय होणार? मुंबई इलाख्यात कित्येक मजुरांनी त्यावर कामच सोडून दिले.

त्याआधी दोनच वर्षे, मे १८७५ मध्ये, भीमथडीतल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. कर्जाचा फास आधीच गळ्याला होता आणि आता वरून दुष्काळ. वासुदेवराव हे सारे पाहत गावोगाव हिंडले. रस्त्याच्या कडेला पडलेली माणसे त्यांनी पाहिली. पुढे आपल्या दैनंदिनीत त्यांनी लिहिले, की ही आपलीच माणसे अन्नावाचून मरताना पाहून रात्रंदिवस मनात तेच घोळते आणि चैन पडत नाही. दधीची ऋषींनी देवांसाठी आपली हाडे दिली, तर आपण आपल्या लोकांसाठी देह का देऊ नये, हा विचार त्यांनी तिथे नोंदवला आहे.

आपल्या संप्रदायात दुष्काळ म्हटला की दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याच्या त्या भक्ताने बादशहाचे कोठार उपाशी लोकांना मोकळे केले आणि शिक्षेला तयार राहिला. दामाजींपाशी कोठाराची किल्ली होती. वासुदेवरावांपाशी काय होते? कारकुनाची लेखणी. म्हणून त्यांनी आधी लोकांना जागे करायचा मार्ग धरला. स्वतः रस्त्याने थाळी वाजवीत आपल्याच व्याख्यानाची दवंडी द्यायची आणि मग उभे राहून बोलायचे. लोक जमत, ऐकत, माना डोलावीत आणि घरी जात. शिकल्यासवरल्या मंडळींनी अंग बाहेर काढले. कोणाला नोकरी होती, कोणाला वकिली, कोणाला मुलेबाळे. त्यांना दोष देऊ नये, कारण तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर बहुधा तेच केले असते. पण आपला चिकित्सक मतलबाची गोष्ट काढतो, तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवे, की मतलबाचे जे काही होते ते सारे घरी बसण्यात होते. पगार तिथे होता. बढती तिथे होती. घराबाहेर पडण्यात काही मिळण्यासारखे नव्हते.

शेवटी वासुदेवराव रामोशी मंडळींकडे गेले. एके काळी किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारी ही लढवय्यी जमात. राज्य पालटले आणि त्यांची वतने, कामे गेली. त्यांच्यातल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ साली फाशी दिले होते. दौलतराव नाईक आणि त्यांचे सोबती वासुदेवरावांना येऊन मिळाले. २० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याजवळच्या लोणी गावाबाहेर बंडाचा झेंडा उभा राहिला. त्या वेळी वासुदेवरावांचे वय ३३ वर्षांचे. लागलीच धामारी गावावर पहिला छापा पडला, मग आणखी गावांवर. पैसा जमवायचा, त्यातून माणसे आणि हत्यारे उभी करायची, आणि इंग्रजांचे राज्य उलथून टाकायचे, असा बेत होता. सरकारला उद्देशून त्यांनी जाहीरनामा काढला. त्यात मागणे होते ते हे, की उपाशी रयतेला काम द्या, कर उतरवा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कमी करा. स्वतःसाठी जहागीर नाही, इनाम नाही, गेलेली किल्लेदारीसुद्धा नाही. ज्या साहेबाने आईला भेटू दिले नाही त्याचे नावही नाही. सुडाची शंका घेणाऱ्याने हा कागद एकदा नीट वाचावा.

आता गोष्ट अवघड वळणावर येते, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही.

छाप्यात पैसा हाती लागू लागला तसा वासुदेवरावांच्या ध्यानात आले, की बरोबरच्या माणसांची नजर लुटीवर आहे. लूट मिळाली की वाटे करावेत आणि घर गाठावे, अशी त्यांची चाल. वासुदेवरावांना याचे अतोनात दुःख झाले आणि ते त्यांनी लिहूनही ठेवले. पण, बंधूंनो, आपण त्या रामोशांच्या बाजूनेही विचार करू या. त्यांच्या घरी चुली विझलेल्या होत्या. दुष्काळाने त्यांची पोरेबाळेही सोडली नव्हती. ज्याचे पोट भरलेले त्याला निःस्वार्थ होणे सोपे, आणि उपाश्याने भाकरीकडे पाहिले तर त्याला लोभी म्हणणे त्याहून सोपे. शिवाय त्यातल्या कित्येकांनी प्राण दिले. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतरावांच्या टोळीने खाली कोकणात उतरून पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखले या गावांवर छापे घातले. लूट दीड लाखाच्या घरात गेली असे सांगतात. परत घाटाकडे वळताना मेजर डॅनियल यांच्या फौजेने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. पळस्पे म्हणजे शिरढोणचा शेजार. जिथे वासुदेवरावांचे बालपण गेले, त्याच मातीत त्यांच्या बंडाचा कणा मोडला.

ज्यांच्या घरांवर छापे पडले तीही माणसेच होती. रात्री मशाली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या जमावाच्या मनात देशप्रेम आहे की लूट, हे त्या घरातल्या बायामुलांना कसे कळावे? इथे वारकऱ्याला तुकोबारायांची आठवण होते. त्यांनीही भयंकर दुष्काळ सोसला. घरातली माणसे अन्नावाचून गेली. त्यांच्याही घरी सावकारी होती. तुकोबांनी काय केले? भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. जे सोडायचे ते स्वतःचे सोडले, दुसऱ्याच्या घरात हात घातला नाही. निःस्वार्थ हेतूने केलेले प्रत्येक काम चोखच असते असे मुळीच नाही. हेतू शुद्ध असला तरी त्याची झळ भलत्याला लागू शकते. संतांची वाट आणि वासुदेवरावांची वाट या दोन निराळ्या वाटा आहेत, आणि आपली वाट कुठली हे वारकऱ्याला माळ घालतानाच ठाऊक असते. पण वाट वेगळी म्हणून त्या माणसाच्या त्यागाला खोटे म्हणता येत नाही. हे दोन विचार वेगवेगळ्या तागड्यांत तोलले पाहिजेत.

त्याच उन्हाळ्यात वासुदेवराव थकून, आजारी होऊन श्रीशैलाला गेले. कृष्णेच्या काठी डोंगरात मल्लिकार्जुनाचे हे ज्योतिर्लिंग आहे. तिथे त्यांनी आपली हकिकत लिहून काढली. त्या लिहिण्यात विजयाची एक ओळ नाही. माणसे मिळाली नाहीत, मिळाली ती टिकली नाहीत, पैसा उभा राहिला नाही, रयतेचे दुःख जिथल्या तिथे आहे, सारा जन्म फुकट गेला, असा तो सूर आहे. ज्या लोकांसाठी हे सारे केले त्यांची त्यांनी हात जोडून क्षमाही मागितली आहे. शेवटी आपले शिरकमल देवाला वाहावे असा त्यांनी निश्चय केला आणि तिथल्या पुजाऱ्यांनी त्यांना आवरले, असे सांगतात.

सज्जनहो, आपल्या चिकित्सकाचा शेवटचा मुद्दा आठवा. पुण्य नको, नाव नको, पण मनाचे समाधान तर हवे ना, असे तो म्हणाला होता. आता श्रीशैलावरच्या या माणसाकडे पाहा. नोकरी गेली. घर सुटले. सोबती विखुरले. पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींनी नाते तोडले. उरलेसुरले समाधान म्हणावे, तर तेही नाही, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. खिशात काही नाही आणि मनातही काही नाही. मतलबावर चालणारा माणूस इथे थांबला असता. इंग्रजांपासून दूर कुठे तरी नाव बदलून, एखाद्या मठात राहून, सुखाने आयुष्य काढणे अवघड नव्हते. वासुदेवराव डोंगर उतरले आणि निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज उभी करायच्या खटपटीला लागले.

समाधान हे सेवेच्या मागोमाग येते हे खरे. उन्हात चालणाऱ्या माणसाबरोबर त्याची सावली येतेच. पण म्हणून तो सावलीसाठी चालतो असे कोणी म्हणत नाही. आणि भर मध्यान्ही, सावली पायाखाली नाहीशी झाली असताना जो चालत राहतो, त्याच्याबद्दल तर तसे म्हणताच येणार नाही.

पाठलाग चालूच होता. मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांचे अब्दुल हक यांनी वासुदेवरावांचा माग सोडला नाही. अंगात ताप, पायात त्राण नाही. पंढरपूरच्या वाटेवर ते होते असे सांगतात. २० जुलै १८७९ रोजी त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी या गावी थकून झोपले असताना ते पकडले गेले. विठ्ठलाच्या पायांपर्यंत ती वाट पोचली नाही.

पुण्यात खटला उभा राहिला. राजद्रोह्याचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारची नजर आपल्यावर ओढवून घेणे. तरी गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारे पुणे सार्वजनिक काका म्हणून ओळखे, त्यांनी ते घेतले. चिकित्सकाने त्यांचाही हिशेब जरूर करावा, कारण अशा अशिलाकडून वकिलाला काय मिळणार होते? खटल्यात वासुदेवरावांची स्वतःची दैनंदिनीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना समुद्रापार एडनच्या तुरुंगात नेले.

एडन म्हणजे उघडाबोडका खडक, वर जाळणारे ऊन. तिथे आपल्या भाषेचा शब्द कानी पडणे मुश्कील, मग अभंग आणि टाळ कुठले? एकदा त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडले आणि ते पळाले. पण अनोळखी मुलखात, पायात बेडीचे वण घेऊन किती दूर जाणार? लगेच पकडले गेले. जाच वाढला. क्षयाने शरीर पोखरले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, वासुदेवराव तिथेच वारले. उशाशी घरचे कोणी नव्हते. आईच्या शेवटच्या क्षणी लेक पोचला नव्हता, आणि लेकाच्या शेवटच्या क्षणी त्याचे कोणीच पोचले नाही.

मागे राहिल्या त्यांच्या पत्नी गोपिकाबाई. या त्यांच्या दुसऱ्या पत्नी, वयाने लहान. नवऱ्याने त्यांना लिहावाचायला शिकवले, घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायला शिकवले, असे चरित्रकार सांगतात. मग एके दिवशी माहेरी पोचते केले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. त्या माउलीने पुढची कित्येक वर्षे एकटीने काढली. निःस्वार्थ माणसाची गोष्ट सांगताना आपण त्यालाच हार घालतो. पण त्याच्या त्यागाचा मोठा हिस्सा घरच्या माणसाने भरलेला असतो, आणि तो त्याला विचारून घेतलेला असतोच असे नाही. गोपिकाबाईंनी जे दिले ते वासुदेवरावांच्या खात्यावर जमा करू नये. ते त्यांचे त्यांच्या नावावर मांडावे.

हिशेब खात्यात आयुष्याची पंधराएक वर्षे काढलेल्या माणसाचा हिशेब आता आपण पुरा करू. खर्चाच्या बाजूला काय? नोकरी, घर, संसार, शरीर, प्राण. शिवाय ज्यांच्या घरांवर छापे पडले त्यांची हानी, दौलतरावांसारख्यांचे जीव आणि गोपिकाबाईंचे आयुष्य. ही रक्कम मोठी आहे, आणि तिच्यातली काही दुसऱ्यांच्या पदरची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जमेच्या बाजूला, जिवंतपणी, त्यांच्या स्वतःच्या नावावर काय? एक पैही नाही. आज शिरढोणचे त्यांचे घर स्मारक म्हणून राखलेले आहे, पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, भारत सरकारने १९८४ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. पण एडनच्या कोठडीत खोकणाऱ्या माणसाला यातले काय ठाऊक होते? पुढे मिळालेल्या मानाचा मोबदला मागे जाऊन त्याच्या हेतूला चिकटवता येत नाही.

तेव्हा निःस्वार्थ कर्म जगात आहे का, याला या चरित्रातून उत्तर मिळते ते असे. सुरुवात पाहून निवाडा करू नये. सुरुवात बहुतेकांची आपल्याच दुःखातून होते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वासुदेवरावांची सुरुवात आईच्या चितेपाशी झाली असेल. ज्याने स्वतः काही सोसले नाही त्याला दुसऱ्याचे सोसणे बहुधा दिसतही नाही. पाहायचे ते हे, की मिळण्यासारखे सारे संपल्यावर तो माणूस कुठे आहे. घरी परतला, की कामावरच आहे?

पुंडलिकाचे तरी दुसरे काय होते? त्याची सेवा निष्काम होती हे आपण कशावरून म्हणतो? फळ दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा तो उठला नाही, यावरून. देव आल्यावर सेवा सोडून धावला असता, तर ती देवासाठी मांडलेली लाच ठरली असती. पुंडलिकाची परीक्षा फळ आल्यावर झाली आणि वासुदेवरावांची फळ येणार नाही असे कळल्यावर झाली. दोघेही हातातले काम सोडून उठले नाहीत.

आपली परीक्षा इतकी कठीण नसते, हे पांडुरंगाचे उपकार. आपल्यापुढे असतो दिंडीतला एखादा तापलेला म्हातारा, किंवा पंगतीत उशिरा आलेली एखादी बाई, जिच्यापुरते वरण पातेल्यात उरलेले नाही. तिला आपल्या ताटातले वाढताना मनात क्षणभर येईलही, की लोक पाहताहेत, पुण्य लागेल. येऊ द्या. त्या विचाराशी भांडत बसू नये, आणि मन शुद्ध झाल्यावर वाढीन असे म्हणून तिला उपाशी तर मुळीच ठेवू नये. आधी वाढावे. मग दुसऱ्या दिवशी, कोणी पाहत नसताना, तिने साधे रामकृष्णहरीही म्हटले नाही तरी पुन्हा वाढावे. तिसऱ्या दिवशी तिने वाढप्यालाच चार शब्द सुनावले, तरी वाढावे. असे करता करता मतलब कधी गळून पडतो ते आपल्यालाही कळत नाही. आणि वाढताना एवढे मात्र पाहावे, की ताट आपलेच आहे, शेजारच्याच्या पुढ्यातून उचललेले नाही.

पनवेलवरून जाणाऱ्या वारकऱ्याने कर्नाळ्याचा सुळका दिसला की क्षणभर थांबावे. डाव्या-उजव्या वाटेचा वाद बाजूला ठेवून त्या डोंगराच्या पायथ्याच्या लेकाला, त्याच्या संगतीत पडलेल्या रामोशी गड्यांना आणि माहेरच्या दारात वाट पाहत राहिलेल्या गोपिकाबाईंना हात जोडावेत, आणि मग पुढे घाटाची वाट धरावी.

रामकृष्णहरी.